हिरव्या दोऱ्याचं आर्मेचर

हे मी आजवर कोणाले बोललो नाही. बायकोले नाही, भावाले नाही, देवापुढं हात जोडून उभा राह्यलो तवा मनातल्या मनातही नाही — तिथंही मी पाऊसपाणी अन् पोरीच्या लग्नाचंच मागत राह्यलो. आज तुमच्यापुढं बसलो आहे तर बोलून टाकतो. मधीच थांबलो तर थांबू द्या. गिऱ्हाईक समोर असलं की मी फाडफाड बोलतो, शिव्याही देतो, पण हे — हे तोंडाशी येते अन् वापस जाते.

माहं नाव दिनकर. रिठदच्या फाट्यावर माहं दुकान आहे. ट्रॅक्टरची वायरिंग, सेल्फ, चार्जिंग, बॅटरी — ट्रॅक्टरमधी जिथं करंट तिथं मी. सारी उमर यातच गेली. लोक मले उस्ताद म्हणतात. बावीस वर्षं झाली, तो शब्द कानावर पडला की मी वर पाहून म्हणतो, बोला. उस्ताद म्हणे. कायचा उस्ताद?

खरे उस्ताद हनीफचाचा. रिसोडले त्यायचं वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली, एक खाट, अन् भिंतीले टेकवून ठेवलेली तांब्याच्या तारेची रिळं. मोटर जळो का डायनामो जळो, आजूबाजूची सगळी गावं चाचाकडं. माहं लग्न झाल्यावर वावर भावाले सोडलं अन् मी त्यायच्यापाशी काम शिकलो. तोंडाचे लय कडक. पक्कड फेकून मारत. चुकलं की म्हणत, “डोळे तुह्यापाशी अन् दिसते मले, असं कसं रे दिनू?” मी चिडायचो, मनात दहा शिव्या द्यायचो, अन् दुसऱ्या दिवशी त्यायच्या आधी दुकानापुढं हजर. पुढं मी फाट्यावर माहं दुकान टाकलं तवा पहिला दिवा त्यायनंच लावला. वाटणी सरळ होती — वाइंडिंग त्यायची, बसवणं माहं.

आता तुमाले डायनामो सांगावा लागन, नाही तर माहं पाप समजायचं नाही. नव्या ट्रॅक्टरले अल्टरनेटर असते, जुन्याले डायनामो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरते, करंट तयार करते अन् बॅटरी भरते. त्याच्या पोटात जे गरगर फिरते ते आर्मेचर — लोखंडाच्या खाचायमधी तांब्याची तार गुंडाळून बसवलेली. डायनामो अन् बॅटरीच्या मधी एक डबी असते, कटाउट. इंजिन चालू असलं की ती करंट जाऊ देते, बंद झालं की रस्ता बंद करते. अन् चालवणाऱ्याच्या समोर एक काटा. प्लसकडं गेला म्हणजे बॅटरी भरून राह्यली, मायनसकडं गेला म्हणजे रिकामी होऊन राह्यली. बस, एवढंच.

चार्जिंग होत नाही म्हणून ट्रॅक्टर आला की चाचाचा क्रम ठरलेला. आधी पट्टा दाबून पाहा, ढिला तर नाही. मंग कार्बन पाहा — आर्मेचरले घासून करंट बाहेर काढणारे तुकडे — झिजले का. मंग डायनामोच्या वायरी सोडून सीधा बल्ब लाव. बल्ब पेटला तर डायनामो चांगला, खराबी पुढं कटाउटमधी. नाही पेटला तरच खोल. अन् या सगळ्याच्या आधी, कशालेही हात लावायच्या आधी — बॅटरीची कोणती तार बॉडीले गेली ते पाहा. नव्या ट्रॅक्टरले मायनस बॉडीले असते. काही जुन्या ट्रॅक्टरायले उलटं, प्लस बॉडीले. ती बॅटरी कोणी उलटी लावली की डायनामोचा करंट एकीकडून अन् बॅटरीचा दुसरीकडून, दोघायची टक्कर, अन् मंग जे जळन ते जळन. म्हणून असा जुना ट्रॅक्टर हातात आला की चाचा त्याच्या बॉडीच्या तारेचं टर्मिनल लाल रंगानं रंगवून ठेवत. लाल दिसलं की समजायचं, हा उलटा गडी आहे, याची प्लस बॉडीले.

पाहा — सांगत बसलो ना मी. करंटचं मले दिवसभर बोलता येते. माहं मन म्हणते, अजून कार्बनचं सांग, पट्ट्याचं सांग. ते नाही सांगत आता.

अजून एकच गोष्ट लागन. वाइंडिंगवाल्यायची एक रीत होती. ज्यानं तार बांधली त्याची खूण त्या आर्मेचरवर राहायची. चाचाची खूण हिरवा दोरा. तारेच्या टोकायवर हिरवा दोरा आवळून शेवटी एक गाठ, तिच्यावर उलटी अजून एक. त्या गाठीचा त्यायले लय गर्व होता. म्हणत, मी मेलो तरी ही सुटणार नाही. अन् दुसरी रीत अशी, की जळलेला माल बांधणाऱ्याकडं वापस न्यायचा. तो ते आर्मेचर तपासते, कापते, कुठून जळलं ते पाह्यते. चाचा त्याले पोस्टमार्टम म्हणत. त्यायच्या हातचं जळलेलं क्वचितच वापस यायचं, पण आलं की दोन-दोन दिवस दुसरं काम बंद. खराबी सापडली की हसत, स्वतःलेच शिवी देत, अन् कामाले लागत.

तर त्या वर्षी, दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी, रिठदचे बाबारावभाऊ आपला ट्रॅक्टर घेऊन आले. त्यायच्या वडिलायनं घेतलेला, जुना, प्लस बॉडीवाला. पोरापेक्षा जास्त जीव त्याच्यावर. चार्जिंग बंद. मी क्रमानं पाह्यलं. पट्टा चांगला, कार्बन चांगले, बल्ब काही पेटला नाही. खोलला — आर्मेचर गेलेलं. म्हणलं, चाचाकडं टाकावं लागन. बाबारावभाऊ जरा घुटमळले. तवा चाचाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला होता अन् लोक बोलायले लागले होते. मले विचारलं, “त्यायले दिसते ना रे आता बरोबर?” मी म्हणलं, “माह्यापेक्षा जास्त. माह्या शब्दावर द्या.”

माह्या शब्दावर. हे ध्यानात ठेवा.

चाचानं ते आर्मेचर नेहमीपेक्षा जास्त दिवस लावून बांधलं. चष्म्यावर भिंग धरून. मी गेलो की मान वर न करता म्हणत, जा, झालं की सांगतो. त्यायलेही कळत होतं की लोक काय बोलून राह्यले. ही एक वाइंडिंग चांगली चालली म्हणजे तोंडं बंद होतील, असं ते बोलले नाहीत — पण मले का कळत नोतं? दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यायनं डायनामो माह्या हातात दिला. म्हणले, “याले दिशा दाखवून ठेवली आहे. प्लस बॉडी. तू फक्त बसव.” म्हणजे करंट कोणत्या बाजूनं द्यायचा ते डायनामोले आधीच पक्कं करून दिलेलं.

दसऱ्याले आमच्या धंद्यात पाना-पक्कडले हात लावत नाही. त्यायची पूजा असते. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावभाऊच्या घरी गेलो. ट्रॅक्टर अंगणात, धुतलेला, झेंडूच्या माळा अजून ताज्या. पूजेसाठी त्यायनं बॅटरी काढून, पुसून पाटावर ठेवली होती. राधाकाकूनं — बाबारावभाऊच्या घरच्यायनं — सगळ्याले हळदीकुंकू लावलं होतं. स्टेरिंगले, चाकायले, बॅटरीले. अन् बॅटरीच्या लटकत्या दोन्ही तारायच्या टर्मिनललेही. पाण्यात कालवलेलं कुंकू, वाळून पक्कं बसलेलं. एकाले लावायचं अन् एकाले कसं नाही लावायचं? बाईमाणसानं भक्तिभावानं दोघायलेही लावलं. दोन्ही लाल.

मी पाह्यलं. दोन्ही लाल पाह्यले, अन् मनात काहीही आलं नाही. आता सांगा, इतकी वर्षं हे काम करणाऱ्या माणसाच्या मनात काही येऊ नये? अंगठ्यानं जरासं खरडलं असतं तरी खालचा रंग दिसला असता. बॅटरीवर ठसठशीत प्लस-मायनस लिहिलेलं होतं. पण हाताले सवय नव्या ट्रॅक्टरायची. हातानं बॉडीची तार उचलली अन् बॅटरीच्या मायनसले कसून टाकली. घाई होती का? नोती. काकू चहा ठेवून राह्यल्या होत्या, मी बाबारावभाऊसंगं सोयाबीनच्या भावाचं बोलून राह्यलो होतो. तो क्रम, चाचाचा पहिला नियम, ज्याच्यासाठी मी त्यायची पक्कड पाठीत खाल्ली होती — तो मी सोयाबीनच्या गप्पात विसरलो.

सेल्फ मारला, इंजिन चालू झालं. डिझेल इंजिनाले काय, बॅटरी उलटी असो का सुलटी. जरा रेस दिली. काटा एका बाजूले जोरात आपटला, कटाउटच्या डबीतून चटचट आवाज आला, वायरीचं कव्हर वितळलं अन् डायनामोच्या बाजूनं धूर निघाला. मी इंजिन बंद केलं, बॅटरीची तार ओढून काढली. अन् ती ओढतानी अंगठ्याखालचं कुंकू निघालं. खाली नुसतं शिसं. रंग नाही. मंग दुसरं, बॉडीच्या तारेचं टर्मिनल खरडलं. त्याच्याखाली चाचाचा लाल रंग.

मले त्याच क्षणाले कळलं. काय झालं, कोणामुळं झालं, सगळं. हे मी मुद्दाम सांगून राह्यलो, कारण नंतर कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. नंतर नाही कळलं. तिथंच कळलं.

बाबारावभाऊ धावत आले. “काय जळलं रे दिनू?”

मी म्हणलं, “वाइंडिंग.”

एक शब्द. मी ठरवलं नोतं. मले वाटलंही नाही की मी खोटं बोलून राह्यलो. तोंड उघडलं अन् तो शब्द बाहेर आला, अन् मी तिथं उभा राहून तो शब्द दुसऱ्या कोणाचा असल्यावाणी ऐकला. बावीस वर्षं मी तेच उलगडत बसलो आहे. माणूस आतून इतका तयार बसलेला असते का? मले कधी माहीतच नोतं की असा कोणी माह्यात राह्यते.

बाबारावभाऊ खाली बसले. म्हणले, “लोक सांगत होते, म्हाताऱ्याले दिसत नाही. मीच ऐकलं नाही.” मले काही बोलले नाहीत. उलट म्हणले, तुहा काय दोष, तू आपल्या उस्तादाची बाजू घेतली. काकूनं चहा आणला. मी तो पिलो. ते हात धुवायले गेले तेवढ्यात मी दोन्ही टर्मिनल चिंधीनं पुसून काढले. ते मात्र ठरवून केलं.

डायनामो काढून दुकानात आणला. कटाउट जळालेला, वायर जळालेली — आर्मेचर मी पाह्यलंच नाही. वरून तर काळं पडलं होतं, पण तपासलं नाही. तपासलं असतं अन् चांगलं निघालं असतं तर? अन् रीतीप्रमाणं ते चाचाकडं न्यावं लागलं असतं. चाचानं दहा मिनिटात सांगितलं असतं, दिनू, हे जळलं नाही, तू काय केलं ते सांग. म्हणून मी ते ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकलं, वर चिंध्या कोंबल्या अन् डबा टेबलाखाली सारला. बाबारावभाऊले दुसरं जुनं आर्मेचर शोधून मी स्वतः बांधून दिलं. वाइंडिंग थोडीफार मलेही येत होती. ते चाललं. गावात झालं — चेल्यानं उस्तादाचं काम निस्तरलं.

तिसऱ्या दिवशी मी रिसोडले गेलो. बातमी माह्या आधी पोचली होती. चाचा खाटेवर बसले होते, पुढं आर्मेचर तपासायचं यंत्र मांडून. वाट पाहून राह्यले होते. मले रिकाम्या हातानं पाहून म्हणले, “आणलं नाही?”

मी म्हणलं, पार कोळसा झाला होता चाचा, भंगारवाला उचलून घेऊन गेला.

ते मले चिडतील, पक्कड फेकतील असं वाटलं होतं. रीत मोडली होती मी. त्यायनं पुढचं यंत्र बाजूले सारलं. मंग एवढंच विचारलं, “तू पाह्यलं ना?” मी म्हणलं, “पाह्यलं.” म्हणले, “मंग झालं. तू पाह्यलं म्हणजे मीनं पाह्यलं.”

त्याच्यावर त्यायनं अजून एक प्रश्न विचारला असता, एक, तर मी बोललो असतो — असं मी लय वर्षं स्वतःले सांगत आलो. हेही खोटं आहे. मी अजून दहा खोट्या गोष्टी बोललो असतो.

त्याच्यानंतर चाचानं पाच-सहा महिने काम केलं. काम कसलं. एक आर्मेचर बांधायचं, सोडायचं, परत बांधायचं. लोक आधीच कमी झाले होते, बाबारावभाऊ चांगल्या मनाचा माणूस पण ज्याच्यात्याच्यापाशी बोलून गेले. माल फाट्यावर यायले लागला, माह्याकडं. एक दिवस चाचा ऑटो करून माह्या दुकानात आले. संगं त्यायचं तार गुंडाळायचं हँडलवालं यंत्र अन् ते तपासायचं यंत्र, पोत्यात बांधून. म्हणले, माह्या हातानं कोणाचं वावर थांबू नये, हे आता तुह्यापाशी राहू दे. मी पोतं उतरवून घेतलं. जड होतं म्हणून दोन्ही हातानं घेतलं. दुकान विकून ते जऊळक्याले पोरीकडं राहायले गेले. त्या दिवसापासून ते मले दिनू नाही, दिनू उस्ताद म्हणतात.

मंग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एक डोळा बिघडला, दुसऱ्याले आता उजेड-अंधार तेवढा कळते. मी दर ईदले जातो, अधीमधी जातो. लोक म्हणतात, चेला असावा तर असा.

आता यंदाचं सांगतो. ते ऐकून तुमाले वाटन, हा माणूस आहे का कोण आहे.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर बाबारावभाऊ परत आले. आता पार थकले आहेत. घरी नवा ट्रॅक्टर आहे, तो पोरगा चालवते, पण म्हाताऱ्याले आपल्या जुन्यावर बसूनच वावरात जायचं असते. चार्जिंग बंद. मी क्रमानं पाह्यलं — आता मी कधीच क्रम सोडत नाही. बॉडीची तार, पट्टा, कार्बन, बल्ब. बल्ब गप्प. खोलला तर आर्मेचर जळलेलं. माहंच बांधलेलं, अन् खाचायचं लोखंडही घासून खराब झालेलं, परत बांधायजोगं राह्यलं नोतं. तसं आर्मेचर आता भंगारातही भेटत नाही. दोन ठिकाणी फोन लावले, लोक हसले.

अन् मले तो डबा आठवला. आठवला काय म्हणतो — मी तो कधी विसरलोच नोतो. दुकानाची जागा दोनदा बदलली, दोन्ही वेळेस तो डबा मी स्वतः उचलून नेला. फेकायची हिंमत झाली नाही, उघडायचीही नाही. मनात एक समजूत करून घेतली होती. मी बॅटरी उलटी लावली हे खरं, पण चाचाले तवा दिसत नोतंच ना, थोडी तर वाइंडिंग कच्ची असनच, आज ना उद्या जळालीच असती. मी फक्त आधी बोललो. या समजुतीवर मी बावीस वर्षं जेवलो, झोपलो.

चिंध्या काढल्या. आर्मेचर पेट्रोलनं धुतलं. वरची काजळी निघून गेली. ती काजळी वायरीच्या कव्हरची होती. खाली वार्निश जशीच्या तशी, तांबूस. हिरवा दोरा तसाच. गाठीवर गाठ.

तपासायच्या यंत्रावर ठेवलं — चाचाच्याच यंत्रावर. त्याचं असं आहे, आर्मेचरवर करवतीचं जुनं पातं हलकं धरायचं अन् आर्मेचर एकेक खाच फिरवत जायचं. आत कुठं तार तारेले चिकटली असन, तर त्या खाचेवर पातं थरथरते, खडखड वाजते. चांगलं असन तर गप्प राह्यते. मी पातं धरलं. पहिली खाच, गप्प. दुसरी, गप्प. मी फिरवत गेलो. मी वाट पाहून राह्यलो होतो की वाजन. खरं सांगतो, मी मनातून म्हणून राह्यलो होतो, वाज. एक तरी खाच वाज. पूर्ण फेरा झाला. अजून एक फेरा केला. मंग बल्ब लावून पाह्यलं, बॉडीले कुठं लागते का. कुठंच नाही. एका अर्ध्या आंधळ्या माणसानं भिंग धरून बांधलेलं ते आर्मेचर, अन् त्याच्यात एक तार इकडची तिकडं नोती.

मी खाली फरशीवर बसलो. तुमी म्हणाल, यात हबकायसारखं काय, तुले तर माहीतच होतं. नोतं माहीत. मी कधी माहीत होऊच दिलं नोतं. माहं खोटं अर्धं तरी खरं असन, या आशेवर मी जगत होतो, अन् ती आशाच किती घाण होती. माह्या उस्तादाच्या हातात खोट निघावी म्हणून मी बावीस वर्षं आस लावून बसलो होतो का?

आर्मेचर पंच्यात गुंडाळलं अन् तसाच गाडीवर जऊळक्याले निघालो. रस्ताभर एकच वाक्य घोकत गेलो. चाचा, हे बाबारावभाऊचं आहे, हे जळलंच नोतं, मी बॅटरी उलटी लावली होती. लहान वाक्य आहे. मालेगावच्या पुढं एका झाडाखाली गाडी उभी करून मोठ्यानं म्हणून पाह्यलं. जमलं.

चाचा ओट्यावर खाटेवर बसले होते, उन्हाकडं तोंड करून. पावलावरूनच ओळखलं. “या, दिनू उस्ताद.” मी बसलो. बोलणं नाही झालं, म्हणून पंचा सोडून आर्मेचर त्यायच्या मांडीवर ठेवलं. वाटलं, आधी हात लावू दे, मंग बोलतो.

त्यायची बोटं त्याच्यावर फिरली. खाचायवरून, तारेच्या टोकायवरून. दोऱ्यावर आली, गाठीवर थांबली. अन् म्हातारा हसला. इतक्या वर्षांत मी त्यायले तसं हसतानी पाह्यलं नोतं.

“ही गाठ तं माही आहे रे. चालते?”

मी म्हणलं, “चालते चाचा. पातं कुठंच वाजलं नाही.”

“कोणाचं आहे?”

हीच ती जागा होती. वाक्य तयार होतं, झाडाखाली म्हणून पाह्यलेलं. मी तोंड उघडलं.

“मानोऱ्याकडून आलं,” मी म्हणलं. “तांड्यावरचा एक जुना ट्रॅक्टर आहे.”

तांडासुद्धा जोडला मी. पाहा तुमी. कोणी विचारला होता तांडा?

ते आर्मेचर हातात घेऊन बसले. फिरवत राह्यले. म्हणले, म्हणजे सगळीच कच्ची नोती बांधली मीनं. मी हो म्हणलं. मंग म्हणले, “मंग बाबारावचं काहून जळलं रे?” मले विचारलं नोतं ते. स्वतःलेच. म्हणले, मी ते आर्मेचर रोज बांधतो. इथं बसून, मनात. पहिल्या खाचेपासून सुरू करतो, प्रत्येक फेरा मोजतो, शेवटच्या गाठीपर्यंत येतो. कोणत्या खाचेत हात चुकला, ते काही सापडत नाही. तू आणलं असतं तर सापडलं असतं, पण जाऊ दे, भंगारवाल्याले काय माहीत.

बावीस वर्षं. रोज. जी खराबी नोतीच ती तो माणूस शोधून राह्यला होता, अन् ती कुठं आहे ते माहीत असलेला माणूस त्याच्या खाटेवर त्याच्या बाजूले बसला होता. मले वाटलं, आता बोलन मी. आता नाही बोललो तर मी मेलो.

तेवढ्यात त्यायनं माहा हात चाचपडून धरला. म्हणले, “एक गोष्ट कधीची मनात आहे दिनू. तुह्या शब्दावर बाबारावनं माल दिला होता. माह्यापायी तुही जबान खाली पडली चार लोकात, अन् तू एका शब्दानं मले कधी बोलला नाही. मले मुआफ कर बेटा.”

ते थांबले. त्यायले उत्तर पाह्यजे होतं. आंधळा डोळा माह्याकडं करून, हात तसाच धरून ते वाट पाहून राह्यले होते.

मी म्हणलं, “केलं माफ चाचा. सोडा आता ते.”

त्यायनं हात सोडला. पोरीले हाक मारली, चहा टाक म्हणले, दिनू उस्ताद आला आहे. दुसऱ्या दिवशी मी ते आर्मेचर बाबारावभाऊच्या ट्रॅक्टरमधी बसवलं. इंजिन चालू करताच काटा प्लसवर गेला अन् तिथंच राह्यला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी चाचाले माफ केलं, त्यायच्या घरचा चहा पिलो, अन् वापस आलो.